पंधरवड्याची शांतता

"सोलापुरात शांत फ्लॅट शोधायला वशिला नाही, कान लागतो! आणि तो आपल्याला आहे!" बुद्धभूषणनं एजंट मल्लिनाथला छाती फुगवून सांगितलं.

बँकेतला हा कारकून घर बघायला गेला, की आधी खोलीच्या मधोमध उभा राहून टाळी वाजवी. टाळी घुमली, की घर नापास! दिवाणखान्यात टाळी, न्हाणीत टाळी. एका ठिकाणी तर घरमालकीण गौरम्मा आरती सुरू झाली समजून डोक्यावर पदर घेत धावत आल्या!

त्याला आईचं गाणं रेकॉर्ड करायचं होतं. टेंभुर्णीकडच्या रानात शालन जन्मभर खुरपत आणि गात आली. बांधावर निजलेल्या लेकराच्या कानात ते गाणं पाटाच्या पाण्यासारखं उतरलेलं. आता तो आवाज जुन्या लुगड्यागत विरत चालला होता. वर चढताना खोकल्यात अडकायचा. पार विरायच्या आत तो धरून ठेवायचा होता. राहत्या खोलीच्या भिंतीला मात्र यंत्रमाग. तिथं स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नसे!

शेवटी मैदानाकाठचा एक फ्लॅट सापडला. टाळी कापसात पडल्यागत गपकन विरली!

"एवढा शांत फ्लॅट रिकामा कसा हो?"

"पित्रं चालू हैत की साहेब. ह्या पंधरवड्यात कोण घर बघतंय? तुमाला चालतंय न्हवं?"

"आम्ही बौद्ध. आम्हाला सगळे दिवस सारखेच! घेतला!"

"पण साहेब, ते मैदान..."

"शूऽऽ! शांतता ऐका!"

गावाहून आईला आणलं, भिंतींना चादरी टांगल्या, माईक मांडला. "गा की आई."

शालन अंग चोरून बसली. "लाज वाटती बाबा. रानात वारं घिऊन जायचं. हितं टाचणी पडली तरी खालच्या मजल्याला कळतंय. म्हणतील, म्हातारी रडतीया!"

रोज माईक मांडायचा, रोज गुंडाळायचा. अमावास्या आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरला भाऊ तिला गावी न्यायला येणार होता.

आणि त्या दुसऱ्या दिवशी, घटस्थापनेच्या सकाळीच, मैदानात टेम्पो आला. त्यातून कपाटाएवढे स्पीकर उतरले. "हॅलो, हॅलो, माईक चेक!" बशीतला चहा थुईथुई नाचला! बुद्धभूषण धावत खाली गेला.

"नऊ दिवस हेच?"

"छे काका, कोजागिरीपर्यंत!" मंडळाचा ऋतुराज हसला. "मेन स्पीकर तुमच्याच खिडकीखाली. नशीबवान हाय तुमी!"

"जरा कमी करा की!"

"कमीच हाय की! दुसरा टेम्पो यायचाय अजून!"

पाय ओढत तो वर आला. शालन मेथी निवडत बसली होती. आणि तिचे ओठ हलत होते!

कुणाला ऐकूच जाणार नाही म्हटल्यावर लाज पळाली होती. त्यानं हळूच फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. तरी राहवेना. लहानपणीसारखं तिच्या खांद्यावर डोकं टेकून त्यानं कान तिच्या ओठांशी नेला.

ऊन उतरंना बाई, लेक चालतो दूरवर
वाटंच्या लिंबा, तुजी सावली म्होरं धर

खिडकीखाली स्पीकरवर नगारा कडाडत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

संध्याकाळी पिशवी भरून आई दारात बसली, तेव्हा त्यानं सकाळचं रेकॉर्डिंग लावून फोन कानाशी धरला. "पांढऱ्या गाडीवाल्यांनी गेटसमोरची गाडी काढावी!" मंडळाच्या माईकवरचं एवढंच, पण खणखणीत! तेच त्यानं पुन्हा लावलं, पुन्हा लावलं.

"काय ऐकतुयास रं मगापासनं?"

"तुझंच गाणं, आई."

शालननं फोन ओढून कानाला लावला. "आगं बया! म्या कवा कुणाला गाडी काढ म्हणलं?"