भूपालअण्णा आणि चढती सबसिडी

निपाणीत आमच्या गल्लीत एक घर असं होतं, की त्याच्या पुढच्या सोप्यात इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर होता, पण गाडी नव्हती. ते घर भूपालअण्णांचं. पावसाळ्यात विमलआक्का, म्हणजे अण्णांच्या मंडळी, त्या चार्जरला छत्री अडकवायच्या आणि एरवी भाजीची पिशवी. गाडीआधी चार्जर कशाला, असं कुणी विचारलंच, तर अण्णा त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघायचे.

"आधी गोठा, मग म्हैस. म्हैस आणून रस्त्यात बांधतोस व्हय रं?"

गोठा केव्हाच बांधून झाला, म्हैस मात्र येता येत नव्हती. कारण अण्णा सबसिडी चढायची वाट बघत होते.

अण्णांचा जन्म गेला तंबाखूच्या व्यापारात. आता वखार बंद आहे, तिच्यात कुणीतरी प्लायवूड ठेवतं. पण अण्णांच्या डोक्यातली वखार चालूच आहे. सकाळी पांढरी टोपी घालून पेठेत जायचं, आपला पानभरही माल नसताना दर विचारायचा, आणि "पडलाय, पर चढंल" असं म्हणत घरी यायचं, हा त्यांचा नेम. तंबाखूच्या धंद्यात ते एकच शास्त्र शिकले होते. दर पडला की गप बसायचं. माल वखारीत ठेवायचा, दार लावायचं आणि कानडीत म्हणायचं, "स्वल्प तडी." म्हणजे जरा थांब. आयुष्यभर या स्वल्प तडीनं त्यांना जेवू घातलं.

तेच शास्त्र त्यांनी सरकारला लावलं. विजेच्या गाड्यांवर दिल्लीची सवलत पहिल्यांदा आली तेव्हा ती चांगली घसघशीत होती. मी म्हटलं, "अण्णा, घेऊन टाका."

"मास्तर, पयल्या बोलीला माल सोडायचा नस्तो. स्वल्प तडी."

मग सरकारनं सवलत कमी केली. मला वाटलं अण्णा हळहळतील. ते उलट खुशीत. "उतरली न्हवं? मग आता चढणारच की! तंबाखू बघितलायसा न्हवं तुमी?" पुढं ती आणखी उतरली. अण्णांचा चेहरा आणखी खुलला. सबसिडी म्हणजे तंबाखू नव्हे, सरकारच्या मनातून एकदा उतरलेली गोष्ट परत चढत नाही, हे मी शाळेत फळ्यावर समजावतो तसं त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला ताक प्यायला दिलं.

बरं, नुसती दिल्लीची सवलत असती तर एक वेळ निभावलं असतं. पण आम्ही पडलो सीमेवरची माणसं. इकडं कर्नाटकात विजेच्या स्कूटरला रोड टॅक्स माफ. पलीकडं कागलला महाराष्ट्र सुरू होतो, तिथली सवलत वेगळी. अण्णा दोन्ही सरकारांना दोन अडत्यांसारखं खेळवत ठेवायचे. एकदा तर गाडी कागलच्या बहिणीच्या नावावर घ्यायची असं ठरवून ते एसटीनं तिकडं गेलेसुद्धा. बहीण त्यांच्याहून पक्की. म्हणाली, "घे की माझ्या नावावर. पर माझ्या नावावरची गाडी मीच फिरवणार. तू मागं बस." अण्णा आल्या पावली परत आले.

आमच्याकडं चहाच्या गाड्यावर सीमाप्रश्न निघाला की आवाज चढतात, कपबशा वाजतात. असाच एकदा वाद अगदी रंगात आला होता. म्हातारे लढ्याच्या आठवणी काढत होते, एकाचे डोळे पाण्यानं भरले होते. तेवढ्यात अण्णांनी बशीतला चहा संपवून विचारलं, "समजा गेलो आपण त्या बाजूला. तर हिकडं माफ झाल्याला टॅक्स तिकडं भरावा लागंल काय?" डोळे भरलेला म्हातारासुद्धा बोटांवर हिशेब करायला लागला. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मलाही ती शंका अधूनमधून छळते.

स्कूटरच्या शोरूममध्ये अण्णांना खुर्ची ठरलेली होती. बाजारच्या दिवशी ते तिथं जाऊन बसत. येणाऱ्या गिऱ्हाइकाला कुठली सवलत कुणाला, कागदं कुठली लागतात, हे मालकापेक्षा तेच झकास सांगत. आमच्या निम्म्या गल्लीनं त्यांच्या सांगण्यावरून गाड्या घेतल्या. मीही घेतली. अण्णा स्वतः मात्र आपल्या धूर ओकणाऱ्या जुन्या स्कूटरवरून खुर्चीवर यायचे आणि खुर्चीवरून त्या स्कूटरवर जायचे.

हे असंच मजेत चाललं असतं. पण विमलआक्कांच्या गुडघ्यांनी दगा दिला. रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला चालत जाणाऱ्या आक्का आता घरातल्या घरात भिंत धरून चालायला लागल्या. जुन्या स्कूटरवर पाय टाकून चढणं त्यांना जमेना. तरी एकदा स्तवनिधीच्या देवाला जायचं म्हणून अण्णांनी त्यांना कसंबसं बसवलं, आणि तवंदीच्या चढाला स्कूटरनं मान टाकली. त्या उन्हात आक्का रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिल्या. दर्शन न घेताच एका टेम्पोतून दोघं परत आली.

दुसऱ्या दिवशी आक्का मला म्हणाल्या, "मास्तर, तुमी तरी सांगा ह्यास्नी. ती बुटकी गाडी बघितलीया मी, तिच्यावर मला चढाय येतंय. देवाचं तोंड बघून किती दिस झालं."

म्हणून या खेपेला मी हट्टाला पेटलो. शोरूमवाल्यानंही सांगितलं होतं, की राहिलेली सवलतसुद्धा आता बंद व्हायची आहे, आणि आज शेवटचा दिवस. मी रिक्षा बोलावली, दोघांना आत घातलं आणि शोरूममध्ये नेऊन अण्णांना त्यांच्या खुर्चीवर बसवलं. अण्णा विरोध करतील असं वाटलं होतं. पण ते बिचारे निमूट आले. आधारकार्ड दिलं, फोटो काढून घेतला. मालकानं सहीसाठी कागद पुढं केला. अण्णांनी पेन उचललं आणि ठेवून दिलं.

"एक डाव अभिला इचारतो."

अभि म्हणजे अभिनंदन, त्यांचा एकुलता एक मुलगा. बेंगळुरूला असतो. त्याला वखार नको होती. "लोकांच्या खोकल्यावर मला पोट भरायचं न्हाय," असं तो बापाच्या तोंडावर बोलला आणि निघून गेला. त्यानंतर कित्येक वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. घरी फोन यायचा तो आक्कांना. मग एकदा त्यानं आईला सांगितलं, की विजेच्या गाडीला सवलत आलीय, अण्णांना सांग. अण्णांना त्यात एक शंका निघाली. आक्कांना ती नीट सांगता येईना, तेव्हा अण्णांनी फोन हातात घेतला. तेव्हापासून दर रविवारी, दिवस मावळायच्या आत आमच्या अण्णांची जेवणं उरकली, की बेंगळुरूचा फोन. अर्धा अर्धा तास सबसिडी. मी अनेकदा ऐकलं आहे. त्यात दुसरा एक शब्द नसायचा.

अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर. अभिनं सगळं पुन्हा समजावलं. अगदी न कंटाळता.

"सगळं बरोबर आहे अण्णा. करा सही."

"केली आस्ती रं." अण्णा टेबलावरच्या पेनाकडं बघत होते. "पर सही केली की संपलं."

"काय संपलं?"

"आयतवारचं बोलणं."

 मालकानं पंखा बारीक केला.

"गाडी घेतली की मग तुला काय इचारू म्या?" अण्णा म्हणाले. "जेवलास काय, बरा हाईस काय, आसलं इचारायला माझं त्वांड उचलत न्हाय. तुझ्या आईला जमतंय त्ये."

 इतकी वर्षं ज्याला आम्ही सगळे चिक्कूपणा समजून हसत होतो, ती या माणसाची एकुलती एक वाट होती लेकापर्यंत जायची. सवलत वाढली काय आणि बंद झाली काय, त्यांना ती फक्त संपायला नको होती. आक्कांनी पदर तोंडाला लावला होता. नवऱ्याकडं त्या अशा बघत होत्या, की गाडी नको म्हणतात की काय अशी मला भीती वाटली.

फोनमधून अभिचा आवाज आला. "अण्णा, मग मी विचारू काय एक?"

"इचार की."

"यंदा तंबाखूला दर काय निघाला?"

अण्णांनी फोन उचलून कानाला लावला. स्पीकर चालूच होता. त्यांनी टोपी काढून परत घातली.

"कुठला दर इचारालाईस? बिडीचा, का जर्द्याचा?"

"दोन्ही सांगा. आज मला काय गडबड न्हाय."

आणि अण्णा सुरू झाले. अवकाळीनं पानाचं काय झालं, कुठल्या गावचा माल यंदा भारी, पेठेत कोण दर पाडून मागतो. मधेच अभि "व्हय?" म्हणायचा, मधेच हसायचा. मी कागद हळूच अण्णांच्या हाताखाली सरकवला. सरकारी कागदाची ओळ न् ओळ दोनदा वाचणाऱ्या त्या माणसानं, बोलता बोलता, कुठं करतोय ते न बघता सही ठोकली.

मालक चाचरत म्हणाला, "अण्णा, रंग कुठला..."

आक्कांनी त्याला हातानं थांबवलं. डोळे पुसत हलक्या आवाजात म्हणाल्या, "निळी द्या. आता ह्यास्नी काय इचारू नगासा."