स्नायू काय म्हणून राहिला?

अमरावतीच्या राजापेठेतला आमचा रस्ता एका दमात चालून गेलेले शामराव ढोके मी कधी पाहिले नाहीत. हा माणूस पेशाने ड्रिल मास्तर होता, हे आधी लक्षात घ्या. विजेचा खांब आला की हे थांबणार. खांब नसला तर पानठेला, पानठेला नसला तर कुणाचं तरी फाटक. तिथे डावा हात वर करायचा आणि जो कुणी समोर सापडेल त्याला म्हणायचं, "थांबा. स्नायू काय म्हणून राहिला?"

स्नायू काहीच म्हणत नसे. म्हणायचे ते शामरावच.

मी त्यांच्या शेजारी राहायचो आणि पोस्टात होतो. दिवसभर खिडकीवर लोकांची बडबड ऐकून घरी यायचं, तर कोपऱ्यावर हे उभे. शाळेत ते ड्रिल आणि आरोग्यशास्त्र शिकवत. कुठल्याशा ट्रेनिंगला गेले होते, तिथून हे स्नायूंचं खूळ डोक्यात घेऊन आले. गंमत म्हणजे शाळेत हा माणूस घुम्या. त्यांच्याच हेडमास्तरांनी मला सांगितलं होतं, ढोके मास्तर शिट्टी वाजवतात, बाकी बोलत नाहीत. म्हणजे पगार मिळतो तिथे मौन आणि फुकट रस्त्यावर व्याख्यान!

व्याख्यान मला पाठ झालं होतं. शरीरात म्हणे तीन चुली. पहिली आगपेटीची काडी. स्नायूत तयार साठा असतो, ओझं उचललं, उडी मारली की भस्सकन पेटतो आणि डोळ्याचं पातं लवतं तोवर संपतो. दुसरी चूल पऱ्हाटीची. कपाशीच्या वाळल्या काड्या जशा धडधड जळतात तशी स्नायूतली साखर जळते. पण तिला पुरती हवा मिळत नाही, म्हणून जळण अर्धवट राहतं, आंबट राख मागे उरते आणि पाय भरून येतात. तिसरी बाभळीच्या खोडाची. छातीतून पुरेशी हवा आली की ही चूल दमानं जळते, माणूस दिवसभर वखर हाकू शकतो.

"अन् दम लागला म्हंजे काय?" शामराव विचारत. उत्तराची वाट पाहायची पद्धत नव्हतीच. "छातीचा भाता हवा ओढून ते राख साफ करून राहिला. म्हणून थांबा लागते. थांबनं बी कामच हाय, बाप्पा!"

हा कहर चाले तो संध्याकाळी, नवराबायको देवळात जायला निघत तेव्हा. हे पुढे, वत्सलावहिनी चार पावलं मागे. त्या काळी नवऱ्याच्या बरोबरीने चालायची रीत नव्हती. देऊळ हाकेच्या अंतरावर, पण यांची वरात पोचेपर्यंत आरती संपलेली असे. एकदा त्यांनी भाजीवालीला अडवलं. तिच्या डोक्यावर वांग्यांची भरली पाटी. ती पाटी डोक्यावर तशीच ठेवून ही बाई कोणत्या चुलीवर चालून राहिली, ते शामराव आम्हा सगळ्यांना समजावू लागले. ती शेवटी म्हणाली, "मास्तर, स्नायूचं जाऊ द्या, वांगे घेता काय?" दुसऱ्यांदा एका पैलवानाला गाठून त्याची सगळी ताकद म्हणजे नुसती आगपेटीची काडी आहे, असं तोंडावर सांगितलं. पैलवान सभ्य निघाला, म्हणून मास्तर शाबूत राहिले.

आणि हे व्याख्यान कधी धड संपतही नसे. ऐन रंगात आलेलं वाक्य अर्ध्यावर टाकून गृहस्थ चालू लागायचे. ऐकणारा तोंड उघडं टाकून तिथेच उभा. वहिनी मागे पदर सावरत खाली बघत असायच्या. मला त्यांची फार कीव यायची. अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे काय शिक्षा, असं मी आमच्या हिला नेहमी म्हणे.

मुलगी सुमन मात्र गुणी. मॅट्रिक झालेली, हुशार, कामाला वाघीण. तिची दोन स्थळं आधी परत गेली होती आणि ती कुणाच्या जिभेमुळे गेली याबद्दल मला शंका नव्हती. म्हणून तिसरं स्थळ मीच आणलं. अकोल्याचे देवराव काळे माझ्या ओळखीचे. त्यांच्या मुलाने सुमनला पसंत केलं. आता आम्ही त्यांचं घर पाहून यायचं आणि बैठकीत शब्द पक्का करायचा, एवढंच उरलं होतं. हेही स्थळ गेलं असतं तर त्या पोरीला चौथं कुठून आणायचं, हा प्रश्न होता. शिवाय मध्यस्थ मी, नाक माझं कापलं जाणार.

एस.टी.त मी शामरावांना बजावलं. "आज तोंड बंद ठेवा. स्नायू अमरावतीले ठेवून आलो असं समजा."

"हाव ना," ते म्हणाले. खिडकीबाहेर बघत बसले. सगळ्या वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, सुधारला माणूस.

अकोल्याला उतरल्यावर त्यांनी टांगा केला. काळ्यांचं घर तिथून दिसत होतं म्हटलं तरी चालेल. ड्रिल मास्तर आणि एवढ्याशासाठी टांगा! मी कपाळाला हात लावला.

काळ्यांकडे बैठक माडीवर. जिना अंधारा, अरुंद, पायऱ्या गुडघाभर उंच. देवराव पुढे झाले, त्यांच्यामागे शामराव, मग वहिनी, मग मी. सगळ्यांत मागे देवरावांच्या पत्नी गोदाबाई, हातात पाण्याची कळशी घेऊन. जेमतेम अर्धा जिना चढलो असू, शामराव थांबले. डावा हात वर केला.

"थांबा देवरावजी. स्नायू काय म्हणून राहिला?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. देवराव वरून वाकून बघताहेत, वाट बंद, आणि हा माणूस जिन्याच्या मधोमध उभा राहून पऱ्हाटी पेटवतोय. "सपाटीवर बाभळीचं खोड पुरते, पण जिन्यात मानूस पऱ्हाटीवर येते. कावून येते? तर हवा कमी पडते..." मी त्यांचं धोतर ओढायला हात पुढे केला.

तो हात वहिनींनी अडवला. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती. दुसरा हात भिंतीवर टेकलेला, ओठ निळे पडलेले, आणि श्वास असा चालला होता की मला तो ऐकूही येत होता आणि ऐकवतही नव्हता.

"बोलू द्या त्याईले, भाऊ," त्या कशाबशा पुटपुटल्या. "मले दम घ्याचा हाय. काळजाची झडप खराब हाय माही. कोनाले सांगू नका. मायचं असं हाय म्हनलं तर पोरीले कोन करन?"

मी वर पाहिलं. शामराव देवरावांशी बोलत होते, पण त्यांची मान किंचित मागे वळलेली होती. कान आमच्याकडे होता. खांब, पानठेला, फाटक, भाजीवाली, पैलवान, सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. वाक्य अर्ध्यावर का तुटायचं तेही कळलं. मागचा श्वास जुळला की यांचं शास्त्र संपायचं. त्यांचं शास्त्र अर्धकच्चं होतं, हे माझं मत आजही कायम आहे. पण धोतर ओढायला पुढे केलेला हात मी मागे घेतला, हेही खरं.

"लेकहो, जिन्यात काय सभा भरवली?" देवराव हसत म्हणाले, पण त्या हसण्यात वैताग होता. "वर या, बसून बोला."

शामरावांचा आवाज चढला. ते घाईघाईने तिसऱ्या चुलीवर गेले, परत पहिलीवर आले, काहीतरी चुकीचं बोलले, पुन्हा सुरू झाले. वहिनींचा पाय अजून उचलत नव्हता. सगळं हातचं जात होतं आणि ते त्यांनाही दिसत होतं. मी खांबासारखा उभा.

तेव्हा माझ्यामागून गोदाबाई बोलल्या. मी वळून पाहिलं. त्यांनी कळशी पायरीवर ठेवली होती आणि त्या माझ्याकडे नाही, वहिनींच्या पाठीकडे बघत होत्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. जिना अरुंद होता, ऐकू सगळं जात होतं.

"तुमी गप बसा हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग आवाज बदलून शामरावांना म्हणाल्या, "इवाई, तुमी सांगा. पायऱ्या अजून लय हायेत. आमाले काई घाई नाई."

इवाई! अजून बैठक झाली नव्हती, सुपारी फुटली नव्हती, आणि त्या माउलीने जिन्यातच त्यांना व्याही करून टाकलं.

शामरावांनी तोंड उघडलं. चुली नाहीत, स्नायू नाही, काही नाही. मग ते पुरते मागे वळले आणि चार माणसांदेखत, परक्याच्या जिन्यात, त्यांनी बायकोपुढे हात केला.

वहिनींनी एकदा मागे गोदाबाईंकडे पाहिलं आणि तो हात धरला.