दरसाल सतरा

वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यावर भावोजींनी स्वतःविषयी जे मत बनवले होते, ते थोडक्यात असे: गुन्हेगार जन्मतःच रडतो, कारण भावोजी आपल्याआधी जगात येऊन बसले आहेत हे त्याला कळून चुकते. हे मत त्यांनी कार्डावर छापूनही घेतले होते. आजवर त्यांनी उकललेल्या प्रकरणांची संख्या एक होती, आणि ती हरवलेली चप्पलही अखेर त्यांच्याच पायात सापडली होती.

वहिनींना हे सारे ठाऊक होते. तरीही, चष्म्याची विसरलेली डबी कार्यालयात आणून देणाऱ्या या दिराला त्यांनी आपण होऊन ‘बसा’ म्हटले, यावरून त्यांच्यावर काय वेळ आली असेल याची कल्पना यावी.

राज्यात कोण कशाने मेले आणि सरकारला कोणत्या करातून किती मिळाले, याचा जिल्हावार ग्रंथ वहिनी दरवर्षी सिद्ध करीत. तीस खंड निघाले. शुद्धिपत्र एकालाही नाही. एकतिसावा हा शेवटचा, कारण महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. आणि नेमके आज सकाळी नव्या, कोवळ्या संचालकांनी एका ओळीवर बोट ठेवले होते. डोंगराळ जिल्ह्यात उंचावरून पडून मेलेले: सतरा. गेल्या वर्षीही सतरा. गेली नऊ वर्षे सतराच. नौकाकराचा आकडाही नऊ वर्षे जागचा हललेला नव्हता.

“चारला खंड छापायला जातोय, बाई,” संचालक अवघडून म्हणाले होते. “तोवर कारण कळलं नाही, तर त्या ओळीवर ‘अविश्वसनीय’ असं छापावं लागेल.”

वहिनींच्या खंडात ‘अविश्वसनीय’. त्यापेक्षा धरणीने पोटात घेतलेले बरे.

“खुनी शिस्तीचा आहे,” भावोजी डोळे मिटून म्हणाले. “सतरा ढकलले की थांबतो.”

“अठरावा का ढकलत नाही?” वहिनींनी विचारले.

“रजा घेतो. सरकारी नोकर असणार.”

“मग सतरा तरी कसले होतायत?” कपबश्या उचलता उचलता शिपाईमामा म्हणाले.

भावोजींनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. “आता नौकाकर.”

“भावोजी, त्या जिल्ह्यात होडी सोडा, बादली बुडेल एवढं पाणी नाही.”

“म्हणूनच. गुप्त तलाव आहे. लोक डोलकाठीवर चढतात आणि पडतात. दोन्ही आकडे जुळले की नाही? शिवाय कर दरसाल चोख. प्रामाणिक माणूस कर भरताना कुरकुर करतो, वहिनी, आणि कुरकुर झाली की आकडा हलतो. हा हलत नाही. म्हणजे चोरच.”

साडेअकरा वाजले. भावोजींचा संशय आता खुद्द संचालकांकडे वळला. “चूक प्रथम कोणी पाहिली? त्यांनी. नऊ वर्षांपूर्वी ते कुठे होते?”

“शाळेत.”

“असं ते सांगतात.”

त्यानंतर उंचावरून माणूस कोणत्या बाजूला पडतो हे ठरवण्यासाठी भावोजी स्टुलावर चढले, आणि शास्त्राला हवे होते त्याहून लवकर खाली आले.

“अठरावे होता होता राहिले,” मामा म्हणाले. त्यांनी भावोजींना खुर्चीत बसवले, टेबलावरचा फोन उचलला आणि डोंगराळ जिल्ह्याच्या कारकुनाला सरळ विचारले, “काय हो, तुमच्याकडे दरसाल सतराच कसे पडतात?”

“गुन्हेगाराला सावध केलंत!” भावोजी कण्हले.

मामांनी ऐकून घेतले आणि फोन वहिनींच्या हाती दिला.

“बाई, रागावू नका,” पलीकडून आवाज आला. “मी नवा होतो. खरे आकडे पाठवले, ते तुमच्या लाल शाईने भरून तीनदा परत आले. चौथ्यांदा, फॉर्म कसा भरावा म्हणून तुम्हीच भरून पाठवलेला नमुना होता ना, तो जसाच्या तसा उतरवून काढला. पहिल्या फेरीत पास. मग म्हटलं, कशाला हात लावा.”

सतरा हा आकडा वहिनींच्याच मनातला होता. होड्याही त्यांच्याच.

“खऱ्या नोंदी ठेवल्या आहेत?” त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता.

“एकूण एक. गेल्या वर्षी पडून मेला एक. शिडीवरून. शिडी धरणाराही गेला, पण तो पडला नाही, त्याच्यावर पहिला पडला. त्याला कुठल्या रकान्यात घालू, हे विचारायचं धाडस झालं नाही.”

“आता विचारलंत ना? मग वाचा. नऊही वर्षं. अडेल तिथे थांबा, मी सांगते.”

“खुनी पळाला असं लिहून टाका, वहिनी,” भावोजी कुजबुजले. “कोणाला कळणार आहे?”

“मला कळेल,” वहिनी म्हणाल्या, आणि कोरा कागद पुढे ओढला.

चारला दहा मिनिटे कमी असताना, तीस खंडांत न निघालेले शुद्धिपत्र वहिनींच्या सहीने छापायला गेले. ते पाच पानांचे होते. कारणाच्या जागी त्यांनी लिहिले होते, ‘संपादिकेचा धाक.’ भावोजींनी पुढे दोन दिवस भिंग घेऊन ती पाने तपासली. त्यांत चूक एकही नव्हती.