'पास्कोल'चा पंप

पंपातलं मला जेवढं कळतं, तेवढं अख्ख्या विरारमध्ये कुणाला कळत नसेल! आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे मी. सातव्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून जेवढी माणसं माझ्या दारात भांडायला आलीत, तेवढी लग्नालासुद्धा आली नव्हती. पंप सुरू झाला की नुसत्या आवाजावरून सांगतो, हा पाणी चढवणार की आपल्याला रडवणार. त्यामुळे लूर्डसचा फोन आला तेव्हा मला हसूच आलं.

"पास्कोल, बोटीवरचा गोड्या पान्याचा पंप मरायला टेकलाय रं. तुला बरा निवडता येल?"

"बरा? बाय, असा निवडतो की बघत राहशील!"

लूर्डस माझी थोरली बहीण. पाचूबंदरला असते. बाबांची मासेमारीची बोट आता ती आणि व्हिक्टरभावजी चालवतात. बोटीचं नाव 'पास्कोल'. मी जन्मलो त्याच वर्षी ती पाण्यात उतरली, म्हणून बाबांनी तिला माझंच नाव दिलं. पुढे तिला दर्यावर धाडलं आणि मला शाळेत. ती मासे आणत राहिली, मी मार्क. लहानपणी धक्क्यावरून "पास्कोल आला!" अशी हाक उठली की मी हातातलं टाकून धावत सुटायचो. बाबा म्हणायचे, "पुढच्या टायमाला तुला नेतो हां." पुढचा टाइम यायच्या आत बाबाच गेले. मी राहिलो काठावर. अजूनही दुपारी ऑफिसात डोळा लागला की बोटीचं इंजिन ऐकू येतं. दचकून बघतो तर डोक्यावरचा एसी!

म्हणून या वेळी मी अट घातली. पंप मी निवडणार, पण हंगामाच्या पहिल्या फेरीला मला न्यायचं.

पलीकडे बराच वेळ कुजबुज झाली. मग भावजींचा आवाज आला, "ये. पन उलटी बोटीच्या भायेर करायची."

मी फोन ठेवून घरभर नाचलो. आमची रोझलिन म्हणाली, "पोहता तरी येतं का तुम्हाला?"

"मी कशाला पोहू? बोट आहे ना!"

रविवारी जाऊन जुना पंप पाहिला. फळ्यांखाली पाण्याची टाकी, टाकीला पंप, पंपापासून एक जुनाट पाइप आणि टोकाला नळ. नळ उघडला तर करंगळीएवढी धार! चहाचं टोप भरेपर्यंत माझं अर्धं बालपण आठवून झालं. या माणसांनी इतकी वर्षं कसे दिवस काढले असतील, या विचाराने माझा जीव तुटला.

"जुन्यासारकाच आन, पास्कोल," भावजी म्हणाले.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. जोराचं पाणी म्हणजे काय हे बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं!

सातिवलीला हार्दिक नावाच्या मुलाचं पंपांचं दुकान आहे. मी काही आंधळेपणाने खरेदी केली नाही हं! बॅटरीवर चालतो का, पाहिलं. खाऱ्या हवेत गंजणार नाही ना, विचारलं. पाइपचं माप जुळवलं. शेवटी दोन पंप उरले. एक डब्याएवढा, गरीब चेहऱ्याचा. दुसरा चांगला दणकट.

"अंकल, ये छोटावाला आरामसे पानी देगा. और ये बडावाला, गाडी धोने का है, एकदम फोर्स!"

आरामसे! हा शब्द सेक्रेटरीपुढे काढायचा? मी दणकट पंप उचलला.

मोसमाची पहिली फेरी निघायच्या दिवशी पाचूबंदरला फादर येऊन बोटींना आशीर्वाद देतात. धक्का माणसांनी भरला होता. बोटींवर पताका, बायकांच्या अंगावर ठेवणीतली लाल लुगडी, कडेला बँड. लूर्डसने टँकरवाल्याच्या हातापाया पडून टाकी काठोकाठ भरून घेतली होती. पंप सकाळीच बसवला होता, पण चालवून बघायला भावजींना फुरसत नव्हती आणि मला गरज वाटली नव्हती. मी टोपी, पिशवी आणि उलटीच्या गोळ्या घेऊन नाळेजवळ, बोटीच्या पुढच्या टोकाला उभा होतो. आयुष्यात इतका ताठ मी लग्नातही उभा नव्हतो.

फादर आमच्या बोटीवर आले आणि त्यांची तीर्थाची बाटली संपली. आधीच्या बोटींनी संपवली होती!

"थोडं गोडं पाणी मिळेल का? इथेच आशीर्वाद देऊन तीर्थ करून घेतो," ते म्हणाले.

लूर्डस कळशी आणायला वळली. मी तिला अडवलं. "कळशी कशाला? फादर, बाटली इथे धरा!"

आणि मी बटण दाबून नळ उघडला.

बाटली आधी गेली. ती शेजारच्या बोटीवर सापडली. मग जुन्या पाइपने नळच सोडला! पाइप मोकळा सुटला आणि शेपटीवर पाय पडलेल्या सापासारखा वळवळायला लागला. पहिला फवारा फादरच्या झग्यावर. दुसरा लूर्डसच्या लुगड्यावर. मी पाइप धरायला धावलो, धरलाही, पण त्याचं तोंड नेमकं बँडवाल्यांकडे होतं!

"बटन! बटन बंद कर!" भावजी इंजिनाकडून ओरडले.

बटण कुठे होतं ते मला दिसेना. चष्मा गेला होता. शेवटी भावजींनी येऊन वायर उपटली, तेव्हा पाइपमधून फुस्स असा आवाज आला. टाकी रिकामी!

फादरनी तोंड पुसलं. भिजलेल्या धक्क्याकडे पाहून म्हणाले, "इतक्या जणांना एकदम आशीर्वाद मी कधीच दिला नव्हता."

सगळे हसले. लूर्डस सोडून. कारण ओहोटी लागली होती. निघायला उशीर झाला तर बोट चिखलात रुतली असती आणि टँकर आता संध्याकाळशिवाय येणार नव्हता. मग शेजारच्या बोटीवाल्यांनी थोडं थोडं पाणी दिलं. कुणी कॅन, कुणी कळशी. भावजींनी ते सारं फळ्यांवर मांडलं, खलाशी मोजले आणि माझ्याकडे वळले.

"पास्कोल, पानी कमी पडतंय रं. एका मानसाचं."

सगळे नुसते माझ्या टोपीकडे बघत राहिले. मी पिशवी उचलली आणि उतरलो. लूर्डसने पंप काढून माझ्या हातात दिला. बोट सुटली. मागच्या फळीवर मोठ्या अक्षरांत माझं नाव होतं, ते लहान होत गेलं. मला रडू आलं. तोंड तसंही ओलंच होतं, म्हणून निभावलं.

बोट परत आली त्या दिवशी मी रजा टाकून धक्क्यावर गेलो. "पास्कोल आला!" अशी हाक उठली आणि पाय आपोआप धावले. बोटीवर नवा पंप होता. हार्दिककडचाच, गरीब चेहऱ्याचा. त्या सकाळी माझा दणकट पंप बघूनच भावजींनी कुणाला तरी पाठवून तो आणवून ठेवला होता म्हणे.

"ये वरती. पानी पी," भावजी म्हणाले.

मी चढलो. नळाखाली ग्लास धरला. करंगळीएवढी धार. बोट हळूहळू डुलत होती, माशांचा, डिझेलचा, बाबांच्या सदऱ्याचा वास येत होता. मी डोळे मिटले आणि निघालो, लांब, किनारा दिसेनासा होईपर्यंत. ग्लास भरायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी दर्यावर होतो. पंपाला जोर नाही याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

ग्लास भरला. मी तो गटागटा प्यायलो आणि पुन्हा नळाखाली धरला. मग आणखी एकदा.

"किती पितंस रं?" भावजींनी विचारलं.

"तहान लागलीय, भावजी."

धक्क्यावर मासे उतरवून घेणारी लूर्डस ओरडली, "त्याला पयला खाली उतरवा! सगलं पानी संपवील मेला!"