तात्याबांची झोप आणि चार विद्याशाखा

युसूफ वडगावचे मेंढपाळ तात्याबा यांची झोप उडाली, एवढीच मूळ घटना. जन्मभर ते कळपाच्या मधोमध घोंगडी टाकून झोपले. यंदा त्यांच्या मुलानं, भागवतनं, म्हातारपणी हिंडणं नको म्हणून मेंढरं विकली आणि आईबापाला स्लॅबच्या खोलीत आणून ठेवलं. खोलीत पंखा होता, पलंग होता, झोप नव्हती. तात्याबा रात्रभर छताकडे बघत निश्चल पडून राहत आणि दिवसा चालताना त्यांचा तोल जाई. एकदा पेटत्या चुलीवर पडता पडता वाचले, तेव्हा त्यांच्या पत्नी साखराबाई घाबरल्या आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन आल्या. इथवर कुणाचीही चूक नाही.

चूक पुढे झाली. ते डॉक्टर आमच्या महाविद्यालयाच्या संशोधन प्रकल्पावर होते. आमचे प्राचार्य अर्जुनराव यांना वरून आदेश आला होता की यापुढे एकाच विषयाचं संशोधन चालणार नाही, ते बहुविद्याशाखीय हवं. संगणक, विधी आणि मानसशास्त्र हे विभाग आवारातच होते. वैद्यक नव्हतं, म्हणून या डॉक्टरांना मानद प्राध्यापक करून घेतलं. मी मराठी शिकवतो. निबंध कुठल्यातरी भाषेत लिहावा लागेल हे कुणाच्यातरी लक्षात आल्यामुळे शेवटी माझंही नाव घातलं. परिषदेची तारीख ठरली, मंडपवाल्याला सांगून झालं, निबंधाचा निष्कर्षसुद्धा छापून आला : 'आमच्या उपाययोजनेमुळे रुग्णास गाढ झोप लागली.' फक्त रुग्ण मिळायचा राहिला होता.

साखराबाईंनी डॉक्टरांकडे एक गोळी मागितली. डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं की गोळीनं झोप लागेल.

"मंग द्या की," साखराबाई म्हणाल्या.

"बाई, झोप लागली तर संशोधन कशावर करायचं?"

साखराबाई गोळी न घेताच उठल्या. आम्हाला रुग्ण मिळाला.

प्रथम कायदा आला. विधी विभागाचे विजयसिंह म्हणाले की रुग्णाची संमती घेतल्याशिवाय त्याला हात लावता येणार नाही. मात्र ज्याची झोप उडाली त्याचं डोकं ठिकाणावर असेल याची खात्री नाही, आणि डोकं ठिकाणावर नसलेल्याची संमती टिकत नाही. म्हणजे तात्याबांना आधी नीट झोपू द्यावं आणि मग त्यांना झोप येत नसल्याबद्दल संमती घ्यावी. यात दिवस गेले असते. तेव्हा अर्जुनरावांनी तोडगा काढला. ज्यांची डोकी ठिकाणावर आहेत अशांची संमती घेण्यासाठी ग्रामसभा बोलावली आणि 'तात्याबांना झोप येत नाही' हा ठराव एकमतानं मंजूर झाला. तात्याबांनी तेवढा हात वर केला नाही, कारण त्यांना बोलावलंच नव्हतं.

मग संगणक आला. झोप मोजणारं एक घड्याळ तात्याबांच्या मनगटावर बांधलं. माणूस हलला नाही म्हणजे तो झोपला, असं त्या घड्याळाचं शिक्षण झालेलं होतं. तात्याबा नेहमीप्रमाणे छताकडे बघत निश्चल पडून राहिले. सकाळी घड्याळानं सांगितलं की रुग्णाची झोप शंभर नंबरी असून जिल्ह्यातल्या तरुणांनी तिचा आदर्श घ्यावा.

"पर माझा डोळ्याला डोळा न्हाई लागला," तात्याबा म्हणाले. त्यांचे डोळे लालबुंद होते. मला त्यांची फार दया आली. तसं मी निबंधात एका सुंदर वाक्यात लिहिलंही होतं, पण पानं वाढतात म्हणून ते काढावं लागलं.

इथं मानसशास्त्राला वाव मिळाला. तेजश्री मॅडमनी निदान केलं की रुग्ण झोपतो, पण आपण जागे आहोत असा त्याला भ्रम आहे. डॉक्टरांनी लगेच गोळीचा प्रश्न निकाली काढला, कारण झोपलेल्या माणसाला झोपेची गोळी देणं त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. चार शास्त्रांचं असं एकमत आमच्या महाविद्यालयात यापूर्वी फक्त दिवाळीच्या सुट्टीबाबत झालं होतं.

घोटाळा केला साखराबाईंनी. त्यांनी भावाच्या कळपातून दोन मेंढ्या आणून खोलीत बांधल्या. त्यांचं रवंथ कानावर पडताच तात्याबा झोपले. असे झोपले, की कूस बदलत राहिले, पाय झाडले, भिंत हादरेल असे घोरले. घड्याळ घाबरलं. रुग्ण रात्रभर तळमळत असून प्रकृती चिंताजनक आहे, असा निरोप सगळ्यांच्या मोबाईलवर गेला. सकाळी चारही विद्याशाखा जीप करून वडगावला धावल्या. तात्याबा ओसरीवर ताजेतवाने बसून भाकरी चुरत होते.

"लई झ्याक झोपलो," ते म्हणाले.

"भ्रम वाढला," तेजश्री मॅडम हळहळल्या.

विजयसिंहांनी मेंढ्यांना विनापरवाना औषध ठरवून त्यांच्या वापराला तोंडी मनाई केली. तात्याबांनी हात जोडून एकच विचारलं, "कावून नेता? त्या काय कुणाचं खात्यात?" साखराबाईही सुरुवातीला भांडल्या. मग अर्जुनरावांनी त्यांना परिषदेचा फलक दाखवला. त्यावर तात्याबांचा फोटो होता आणि शेजारी फेटा बांधलेले अर्जुनराव. उद्‌घाटनाचा दिवा साखराबाईंच्या हस्ते लागणार होता. साखराबाईंनी फलक बराच वेळ न्याहाळला.

"अवो, परिषद होस्तोर दम धरा की," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि स्वतःच्या हातांनी मेंढ्या सोडून भावाकडे धाडल्या.

परिषद आंतरराष्ट्रीय होती. अर्जुनरावांचा भाचा दुबईहून पडद्यावर हजर होता. त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण नाव दिसत होतं. मंडप खचाखच भरला होता. जेवणाआधी कुणाला प्रमाणपत्र मिळणार नसल्यामुळे कुणी हलतही नव्हतं. तात्याबांना मंचावर मधोमध बसवलं होतं. आता त्यांना उभ्याउभ्या झापड येई आणि बसलं की जाग. दोन माणसांनी धरून त्यांना खुर्चीपर्यंत आणलं.

अर्जुनराव निबंध वाचू लागले. वाचताना एक पान चिकटलं आणि त्यांनी मागचंच पान पुन्हा वाचलं. त्यालाही टाळ्या पडल्या. रुग्ण झोपतो तेव्हा जागा असतो आणि जागा असतो तेव्हा झोपतो, हे वाक्य आलं. मंडपात एकही मान वर झाली नाही. सगळ्यांच्या माना आपापल्या मोबाईलमध्ये खाली गेलेल्या, खांद्याला खांदा चिकटलेला, आणि कोपऱ्यात कुणीतरी शांतपणे गुटखा चघळत होतं.

तात्याबा त्या सगळ्यांकडे बघत राहिले. हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्यांनी खांद्यावरची सत्काराची शाल अंगभर ओढून घेतली आणि ध्वनिक्षेपकाजवळ डोकं टेकून घोरायला सुरुवात केली. निष्कर्ष अक्षरशः सिद्ध झाला. घड्याळ मात्र रुग्ण तळमळत असल्याचं सांगू लागलं, तेव्हा संगणकवाल्यांनी ते बंद केलं. निबंधाला पहिला पुरस्कार मिळाला.

संध्याकाळी, मंडप उतरवताना, मी तात्याबांना हलवून उठवलं आणि झोप कशी लागली ते विचारलं.

"सर, मेंढरांत झोपायचं एक असतंय," ते म्हणाले. "समद्यांच्या माना खाली असल्या की बिनघोर झोपावं. एक जरी मान वर करून हुबं राहिलं, तर लांडगा आला समजायचं. हितं कुणीच मान वर केली न्हाई."

तेव्हापासून तात्याबांना झोपेसाठी परिषद लागते. आपल्या जिल्ह्यात परिषदांचा तुटवडा नाही, त्यामुळे त्यांची तब्येत सुधारली आहे. भागवत त्यांना मोटारसायकलवर आणून सोडतो, साखराबाई दिवा लावतात.

ही हकिकत मी परवा तात्याबांना त्यांच्या ओसरीवर वाचून दाखवली. खोटं काही आलं असेल तर सांगा म्हटलं. ते पलंगावर पडून ऐकत होते. त्यांनी विचारलं, हे वाचणार कोण? मी सांगितलं, वाचक. शहाणीसुरती माणसं आहेत, पुष्कळ आहेत.

"वाचताना मधीच कुणी मान वर करून इचारतं का, की त्या मेंढ्या म्हाताऱ्याला परत कावून दिल्या न्हाईत?"

आजवर तरी कुणी विचारलं नाही, मी म्हणालो.

"मंग वाचत ऱ्हावा," तात्याबा म्हणाले, आणि कुशीवर वळून झोपले.