अप्पांना दाखवलेला इतिहास

"इतिहास नसलेल्या गावात मुलगी दिली मी," दुबईशेजारच्या अजमानमध्ये, लेकीच्या फ्लॅटमधल्या सोफ्यावर बसून अप्पा त्या सकाळी तिसऱ्यांदा म्हणाले, आणि दत्तप्रसादच्या घशात पोहे अडकले. सासरेबुवा पुण्याच्या शाळेत छत्तीस वर्षं इतिहास शिकवून रिटायर झालेले. महिन्याभरासाठी लेकीकडे आले होते आणि जावयाने दाखवलेला प्रत्येक मॉल, प्रत्येक टॉवर त्यांनी "कधी बांधला?" एवढ्या एकाच प्रश्नावर नापास केला होता. उत्तर बहुधा "गेल्या वर्षी" असं असायचं.

लग्नाला दहा वर्षं झाली तरी अप्पांच्या तोंडून दत्तप्रसादसाठी कधी "वा!" निघालं नव्हतं. ते एकदा, फक्त एकदा, त्याला ऐकायचं होतं.

"अप्पा, शुक्रवारी डोंगरातलं हेरिटेज व्हिलेज बघू. जुनी घरं, जुनी भांडी, सगळं ओरिजिनल."

"बघू," अप्पा म्हणाले.

शुक्रवारी दोन तास गाडी हाकल्यावर डोंगर आले, पाठोपाठ हेरिटेज व्हिलेजची तपकिरी पाटी आली आणि दत्तप्रसादला डावीकडे दगडी भिंत, वर खजुराच्या झावळ्यांचं छप्पर दिसलं.

"अहो, पाटीवरचा बाण पुढे दाखवतोय," त्याची बायको शोभना म्हणाली.

"मला कळतं," दत्तप्रसाद म्हणाला आणि त्याने गाडी डावीकडे वळवली. नवऱ्याने हे वाक्य उच्चारल्यावर पुढे काय होतं, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

दार सताड उघडं होतं. आत अंगण, अंगणात विहीर, पलीकडे गालिचे अंथरलेली बैठक. भिंतीवर बंदूक, कोपऱ्यात पितळी पट्ट्यांची पेटी, आणि तक्क्याला टेकून पांढऱ्या दाढीचे एक म्हातारबाबा. त्यांनी उठून छातीवर हात ठेवला, "मरहबा" म्हणून सगळ्यांना बसवलं, पुढे खजूर ठेवले आणि चोचीच्या किटलीतून इवल्याशा कपांत कॉफी ओतली.

"जिवंत देखावा!" अप्पा खुलले. "माणूससुद्धा ठेवलाय. काम चोख करतो हो. दाढी तेवढी चिकटवलेली वाटते."

"अप्पा, हळू!"

"त्याला कुठे मराठी कळतंय?"

आठ वर्षांच्या इराने विचारलं, "बाबा, इज ही ॲन ॲक्टर?"

"येस बेटा. गव्हर्नमेंटचा."

अप्पांचा कप रिकामा झाला की म्हातारबाबा तो भरत. समोर आलेलं टाकायचं नाही, ही अप्पांना लहानपणापासूनची शिकवण. सातव्या कपानंतर त्यांचे डोळे लकाकू लागले. ते उठले. त्यांनी बंदुकीची नळी निरखली, म्हातारबाबांच्या बाजेवर आडवं होऊन ती विणली कशी याचा अंदाज घेतला, मग पेटीचं झाकण उघडलं आणि आतला एक सदरा उजेडात धरला.

"शंभर वर्षांचं कापड असणार. वा! दत्तप्रसाद, वा!"

दत्तप्रसादला आनंदाने भरून आलं. अशा जागेचं तिकीट बुडवणं पाप, म्हणून तो काउंटर शोधायला मागच्या दारातून आत गेला. तिथे वॉशिंग मशीन घरघरत होतं. फ्रिजवर कुणाचं तरी शाळेचं टाइमटेबल चिकटवलेलं होतं. चुलीपाशी उभी असलेली बाई हातात डाव धरून त्याच्याकडे बघत राहिली. हे कुणाचं तरी राहतं घर होतं.

तो उलट पावली बैठकीत आला. खरं सांगावं, तर आताच मिळालेला "वा" परत जाणार. न सांगावं, तर अप्पा पेटीच्या तळाशी पोचलेले.

"चला अप्पा, यल्ला! टाइम संपला."

"थांब रे, अंतर्वस्त्रांवरून समाज कळतो," असं म्हणत अप्पांनी एक लांबलचक पांढरी विजार बाहेर काढली.

दत्तप्रसाद म्हातारबाबांपाशी वाकून कुजबुजला, "बाबा, सॉरी. हमको लगा म्युझियम है..."

म्हातारबाबा पोट धरून हसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्युझियम फुडं हाय. चार वाजता उघडतंय. आन मास्तर, दाढी खरी हाय."

अप्पा विजार हातात धरून तसेच उभे राहिले.

म्हातारबाबांचं नाव उबैद. तरुणपणी सात वर्षं त्यांनी मुंबईत भाऊच्या धक्क्यावर खजुराची पोती उतरवली होती आणि तिथल्या हमालांची मराठी उचलली होती.

"मग आम्हाला आधीच का नाही सांगितलंत?" शोभना रडकुंडीला आली होती.

"पाव्हण्याला का आलास म्हून विचारू नये, बाय. आमच्यात तीन दिवस विचारत न्हाईत. म्हटलं, चौथ्या दिवशी विचारू." मग ते अप्पांकडे वळले. "आन कॉफी बास झाली की कप हलवायचा, मास्तर. तुमी हलवंना, म्या थांबंना."

निघताना शरमेने लाल झालेली शोभना म्हणाली, "आता तुम्ही सगळ्यांनी आमच्याकडे यायचं हं." मराठी माणूस हे उंबऱ्यावर सहज म्हणतो आणि ऐकणाराही ते उंबऱ्यावरच सोडतो. उबैदबाबांना मात्र मुंबईत हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे पत्ता लिहून घेतला.

परतीच्या वाटेवर अप्पा दिसेल त्या टॉवरला पुन्हा "गेल्या वर्षीचा" म्हणून नापास करत राहिले. मिळालेला "वा" गेला, हे दत्तप्रसाद समजून चुकला.

पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता दोन लँड क्रूझर खाली लागल्या आणि नऊ माणसं वर आली. त्यांनी घर अगदी मनापासून पाहिलं. कुणी कुकरची शिट्टी उचलली, कुणी मसाल्याच्या डब्याचा वास घेतला, नातवाने बनियनमधल्या दत्तप्रसादचे दोन फोटो काढले. मग उबैदबाबांनी आदराने विचारलं, "तुमच्या घरात जुनं काय हाय?"

दत्तप्रसादने घरभर नजर फिरवली. फर्निचर गेल्या वर्षीच्या सेलमधलं, देव्हारा दोन वर्षांपूर्वी दुबईत घेतलेला, टीव्ही तर महिन्यापूर्वीचा. इराहून जुनी वस्तू घरात नव्हती.

तेवढ्यात अप्पा सोफ्यावर ताठ बसले. त्यांनी धोतराच्या निऱ्या सारख्या केल्या आणि भर वर्गात सांगावं तशा आवाजात म्हणाले, "मी. पुणे, सन एकोणीसशे त्रेचाळीस. जावईबापूंनी जपून ठेवलाय."