खोक्यातले केस

धाकलूनं पेरूवरचं चिमणीचं लाकडी खोकं खाली उतरवलं, झाकण उघडलं, आणि आत घातलेला हात चटका बसल्यागत बाहेर काढला.

पिल्लं कधीच उडून गेली होती. आत जुनं गवत, दोन पिसं, आणि त्या सगळ्याला वेढे घालून बसलेले लांबच्या लांब पांढरे केस.

"सुरभे, हे बघ गं काय हाय!"

"चिमणीनं आणले असतील, आबा. गरम पाण्यानं धुवा, उन्हात वाळवा, परत टांगा. एवढंच काम सांगितलंय तुमाला." पोरगी आत निघून गेली.

धाकलूचं डोकं मात्र भलतीकडंच धावलं. दहिवलीच्या त्या आळीत एवढे लांब पांढरे केस एकाच डोक्यावर होते. शेजारच्या इंदूबाईच्या. आणि येत्या रविवारी तिच्या साईराजची नि सुरभीची सुपारी फुटायची होती. वरून गोडगोड बोलते आणि आतून करणी करते की काय बाई? सून उंबऱ्यात यायच्या आधीच मुठीत?

त्यानं केस चिमट्यानं उचलले, एक लिंबू घेतलं, पोरीच्या पाठीमागून गुपचूप ओवाळलं आणि दिवेलागणीला तिठ्यावर ठेवून मागं न बघता घरी आला. खोकं धुऊन जागेवर टांगलं.

सकाळी तिठ्यावर जाऊन बघतो तर लिंबू गायब, केसही नाहीत. 'घेतला उतारा त्यानं,' म्हणत धाकलू खूश झाला. परत येऊन सहज खोक्यात डोकावला.

आत केस. पांढरे. आणि ओलसर.

 ते केस त्यानं नदीत नेऊन सोडले. दुसऱ्या दिवशी परत हजर, परत ओले. नदीतनं चालत आल्यागत. वारा काडीचा नव्हता, तरी पेरूचं एकच पान हलत होतं.

शनिवारी तो कुंपणाशी जाऊन उभा राहिला. "इंदूबाय, सुपारी ऱ्हाऊ द्या. आमच्या पोरीला सोडा."

"आवो, मीच सांगनार व्हते! तिठ्यावर लिंबू ठेवताना पायलंय मी तुमाला. माज्या पोरावर काय घातलंत, भावजी?"

"आन् तुमचे केस आमच्या खोक्यात रोज कशे येत्यात?"

इंदूबाईचा चेहरा केसांसारखाच पांढरा पडला. "माजे केस? मी तर विंचरलं की गुंता बोटाला गुंडाळते, तीन डाव थुकते आन् ह्या कुपाटीत खोल खोचते. कुनी नेऊन करनी करू नय म्हून!"

तेवढ्यात भुर्रकन चिमणी आली. तिनं कुपाटीत चोच घातली, ओला गुंता ओढून काढला आणि दोघांच्या मधून सरळ खोक्यात शिरली.

 मागून सुरभी म्हणाली, "झाली का करणी?"

रविवारी सुपारी फुटली. ऊन मरणाचं होतं. साईराजनं व्याही-विहिणीला गारेगार लिंबाचं सरबत आणून दिलं. दोघांनी एका दमात पेले रिकामे केले.

"रसाळ हाय रं लिंबू," धाकलू मिशी पुसत म्हणाला. "घरच्या झाडाचं का?"

"नाय मामा. खोपोलीला पयल्या पाळीला जाताना तिठ्यावर घावलं. चांगलं हुतं, मग टाकायचं कशाला? फ्रीजमदी ठेवलं हुतं, तुमच्यासाठीच."

बाहेर पेरूवरची चिवचिव एकदम थांबली.

धाकलूच्या पोटात काहीतरी गुरगुरलं. मग इंदूबाईच्या.